उघडा बर्फ

सूर्यापासून लांब असलेल्या धूमकेतूला शेपूट नसते. देवगडच्या कातळी सड्यावरच्या धूमकेतू केंद्रात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हे सांगितलं जायचं आणि ते ऐकून प्रत्येक पाहुण्याचं तोंड जरा उतरायचं. शेपूट नाही, तेज नाही, मग उरतं काय? तर चार किलोमीटर लांबीचा, बटाट्यासारखा वेडावाकडा, डांबराहून काळा गोळा. बर्फ, धूळ आणि गोठलेले वायू यांचं साडेचार अब्ज वर्षांचं शिळं कालवण.

सुनंदा भाबलचं तोंड मात्र उतरलं नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी केंद्राचे प्रमुख डॉ. मुकुंद रेगे गावातल्या लोकांना त्या गोळ्याची चित्रं दाखवत होते. तेव्हा मागच्या रांगेतून ती पटकन बोलून गेली, "अगोबाई, ही तर भुशातली लादी!" रेगेसरांनी भाषण अर्धवट सोडलं आणि विचारलं, "कसली लादी?"

सुनंदाचे वडील, लवू भाबल, देवगड बंदरावरच्या बर्फ कारखान्यात चाळीस वर्षं होते. मिठाच्या पाण्याच्या टाकीतून दीडशे किलोची लादी साखळीने वर यायची, आणि होडीच्या पोटात जाईपर्यंत तिची उन्हाशी शर्यत असायची. शर्यतीत भाबलांचं हत्यार एकच होतं, लाकडाचा भुसा. लादीवर भुसा पसरायचा, हाताने दोनदा थोपटायचा, वर गोणपाट टाकायचं. मग वैशाखातसुद्धा लादी संध्याकाळपर्यंत तग धरायची. सुनंदा चालायला लागल्यापासून हे करत आली होती. उघडी लादी दिसली की तिचा हात आपोआप भुशाकडे जायचा.

आणि धूमकेतूचं गणित तरी काय वेगळं आहे? त्याच्या अंगावरची काळी धूळ म्हणजे भुसाच. ती आहे म्हणून आतला बर्फ पृथ्वीच्या जन्माआधीपासून टिकून राहिला. धूमकेतू सूर्याजवळ आला, धूळ कुठे पातळ झाली, कुठे तडा गेला, की ऊन आत शिरतं. तिथे हवेचा दाब नसल्यामुळे बर्फाचं पाणी होत नाही. देव्हाऱ्यातल्या कापरासारखा तो थेट उडून जातो. उडताना धूळही बरोबर नेतो, आणि मग सगळी गंमत सुरू होते.

रेगेसरांनी सुनंदाला केंद्रात घेतलं. शीतकरणाची पदविका तिच्याकडे होतीच. लवू भाबलांना ते आवडलं नाही. "हयचो बर्फ पुरलो नाय तुका?" एवढंच ते म्हणाले. पुढे बोटींवर सौरऊर्जेची शीतयंत्रं आली, कारखाना बंद पडला, पण मुलीला तिच्या कामाबद्दल एक शब्द त्यांनी कधी विचारला नाही. नऊ वर्षांत एकदाही नाही! ती घरी यायची, दोघं मासे खायची, बंदराच्या गप्पा मारायची. आभाळाचा विषय निघाला की आबा उठून हात धुवायला जायचे.

२०४७च्या ऑगस्टमध्ये 'टिटवी' नावाचं यान त्या धूमकेतूवर उतरलं. माळावर उघड्यावर बसणाऱ्या पक्ष्याचं नाव शोभावं असंच ते बसलं, तीन पायांवर, आडोशाशिवाय. पाय जमिनीत रोवण्याची जबाबदारी बेनी फर्नांडिसची होती. तो वेंगुर्ल्याचा, दिवसाला अकरा कप चहा पिणारा आणि आपल्या नांगरांवर पोटच्या पोरांसारखी माया करणारा. यानाला एक गिरमिट होतं, जमिनीत दोन मीटर खोल भोक पाडणारं, आणि एक लांब यांत्रिक हात. तो हात सुनंदाचा.

म्हणजे कसं, तर केंद्रात एक मोठा हौद होता. त्यात टिटवीभोवतीच्या जमिनीची हुबेहूब नक्कल केलेली होती. सुनंदा तारांनी भरलेला हातमोजा घालून त्या हौदात काम करायची. तिच्या हाताची प्रत्येक हालचाल टिपली जायची आणि अवकाशात रवाना व्हायची. अकरा मिनिटांनी यांत्रिक हात तीच हालचाल करायचा. तो काय करून बसला ते दिसायला आणखी अकरा मिनिटं. घाई करणाऱ्या माणसाचं हे काम नव्हे.

नोव्हेंबरच्या एका सकाळी सातवं भोक पाडलं गेलं. आधीच्या सहांत नुसती काळी भुकटी निघाली होती. सातव्यातून गिरमिट वर आलं आणि पडद्यावर पांढरा रंग दिसला. भोकाच्या काठाला स्वच्छ, चमकणारा, कुणी कधी न पाहिलेला बर्फ होता. सूर्य अजून जन्माला यायचा होता तेव्हा गोठलेला. खोलीत टाळ्या पडल्या. रेगेसरांनी चष्मा काढून डोळे पुसले. सुनंदाच्या अंगावर तर सर्रकन काटा आला. तिने नमुना उचलून कुपीत ठेवला. मग हात आवरून ठेवण्यासाठी पाच मिनिटं तिची स्वतःची असायची, त्यात ती करेल ते.

त्या पाच मिनिटांत तिने काय केलं हे तिचं तिलाही कळलं नाही. ऊन होतं आणि बर्फ उघडा होता. तिचा हात हौदातल्या धुळीत गेला, धूळ भोकावर ओढली गेली, दोनदा थोपटली गेली. नोंदीत रोजच्यासारखं 'हात आवरला' असं लिहिलं गेलं. कॅमेरा तेव्हा कुपीकडे वळलेला होता.

डिसेंबर लागला आणि जगाने माना वर केल्या. धूमकेतू सूर्याजवळ येत होता. टिटवीच्या कॅमेऱ्यातून रोज जे दिसायचं ते पाहायला केंद्रातले स्वयंपाकीसुद्धा हातचं काम टाकून यायचे. तिथे दिवस साडेबारा तासांचा. काळ्याकुट्ट क्षितिजावर सूर्य उगवायचा आणि ऊन जिथे जिथे पोचेल तिथून जमीन श्वास सोडू लागायची. आधी एक पांढरी रेघ, मग दुसरी, मग शंभर. कारंज्यांचं रानच्या रान. वारा नाही, आवाज नाही. धुळीचे कण वर वर जायचे आणि परत पडायचेच नाहीत, कारण त्यांना खाली ओढण्याइतकं वजनच त्या गोळ्याला नव्हतं.

"इथून दोन वाटा फुटतात," रेगेसर सगळ्यांना दाखवायचे. हजारदा सांगूनही त्यांचा आवाज कातर व्हायचा. "ही धूळ बघा. हिला ढकलतो तो प्रकाश. नुसता प्रकाश! तुमच्या-आमच्या अंगावर पडतो तोच. आपल्याला जाणवत नाही, पण कण एवढासा असला की त्याला तोही धक्का पुरतो. प्रत्येक कण आपापल्या चालीने मागे पडतो, म्हणून धुळीची शेपूट वाकडी होते, रुंद आणि पिवळसर. वायूचं निराळं. सूर्याचे अतिनील किरण त्याच्या रेणूंतले इलेक्ट्रॉन उडवतात, वायू विद्युतभारित होतो. मग सूर्यापासून सुटलेला सौरवारा, सेकंदाला चारशे किलोमीटर वेगाचा, आपल्या चुंबकीय रेषांत त्याला पकडतो आणि फरफटत नेतो. ती शेपूट निळी आणि सरळसोट."

"म्हणजे धूमकेतू ज्या दिशेला जातो त्याच्या उलट," एका पाहुण्या बाईंनी मान डोलावली.

"तिथंच सगळे फसतात, बाई. त्याच्या जाण्याशी काही संबंध नाही. सूर्याच्या उलट. सूर्याकडून परत निघाला की धूमकेतू मागे आणि शेपूट पुढे!"

तेवीस तारखेला टिटवी कलली.

पहिल्या दिवशी अर्धा अंश, चौथ्या दिवशी तीन. बेनी चार दिवस आपल्या नांगरांचे आकडे तपासत होता आणि त्याला कुठे चूक सापडत नव्हती. सत्तावीसच्या सकाळी रेगेसरांनी सगळ्यांना बोलावलं. त्यांचा चेहरा ओढलेला होता.

"दक्षिणेकडचा पाय उचलला जातोय. नांगर सैल झालाय, दुसरं कारण दिसत नाही. आठ अंशांना टिटवी उलटेल. त्याआधी नांगर सोडून तिला उडी मारायला लावू. दुसऱ्या जागी बसली तर बसली."

"नाही बसणार, सर," बेनी म्हणाला. "तिथे वजन कागदाएवढं आहे. उडाली की गेली."

"मग तुमचा नांगर का सुटला ते सांगा."

बेनीने मान खाली घातली. तो गडी कधी मान खाली घालणारा नव्हता. सुनंदाला ते बघवेना. तिने पडद्यावरच्या नकाशाकडे नजर वळवली. दक्षिणेचा पाय, त्याच्याजवळ गोल आखलेलं एक भोक, त्यावर सातचा आकडा. तळहाताला ती थोपटलेली धूळ जाणवली, दोनदा.

ती खोलीबाहेर आली. सड्यावर भर दुपारचं ऊन होतं, खाली समुद्र चकाकत होता. गिरमिटाने दोन मीटर खाली जाऊन गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडला, म्हणजे सुक्या बर्फाला, वाट करून दिली होती. भोक उघडं राहिलं असतं तर तो वायू भसाभस निघून गेला असता, जसा आसपासच्या उघड्या तड्यांतून जात होता. तिने त्यावर धूळ दाबली. खालून आलेली वाफ रात्रीच्या थंडीत त्या धुळीत गोठली, पुन्हा गोठली, आणि बुचाचा दगड झाला. आता खालचा वायू जमीनच उचलत होता. अकरा वर्षांची मेहनत, दोनशे माणसांची, आणि तिच्या एका थोपटण्याने उलटणार होती! बोलली नाही तर कुणाला कधीच कळणार नव्हतं. नांगराच्या माथी पाप गेलंच होतं.

खोटं बोलावं असं तिला वाटलं नाही, असं सांगता येणार नाही. पाच मिनिटं तसं चांगलंच वाटलं. मग तिने फोन काढला आणि आबांना लावला. बर्फाबद्दल दुसऱ्या कुणाला विचारायची तिला सवयच नव्हती.

"सुनंदा? आज ह्या वक्ताक? बरा आसा मा?"

"आबा, एक विचारूचा होता. बोटवाल्यांची सुक्या बर्फाची पेटी कधी फुगली तर तू काय करी होतस?"

"कोणी घट्ट बंद केल्यान?"

"मीया."

आबा सांगू लागले. "झाकान एकदम उघडूचा नाय. मधी तर हातच लावूचो नाय. आपल्यापासून लांबचो कोपरो बघूचो, थंय बोटभर ढिला करूचा नि बाजूक होवचा. फुसफुसता तितक्या फुसफुसांदे." मग म्हणाले, "पण कारखानो तर बंद आसा. पेटी खंय फुगली?"

"वर, आबा."

"शेंडेनक्षत्रावर?"

नऊ वर्षांत त्यांच्या तोंडून तो शब्द तिने पहिल्यांदा ऐकला. "होय," ती म्हणाली.

"थंय पण झाकलंस?"

"हाताक सवय."

"कोपरो इसरू नको," आबा म्हणाले आणि फोन ठेवला.

सुनंदा आत गेली आणि सगळ्यांसमोर उभी राहिली. "नांगर नाही सुटला, सर. सातवं भोक मी झाकलं. कुणी सांगितलं नव्हतं, मी नोंदलंही नाही. खाली वायू कोंडलाय."

बेनी हळूच म्हणाला, "चार दिवस, ताई. चार दिवस मी आरशात बघितलं नाही."

"चूक माझी आहे, बेनी. मी तोंडाने सांगतेय, तशीच लिहूनही देईन."

रेगेसर चिडले, आणि त्यांनी चिडायलाच हवं होतं. पण ओरडण्यात दोन-तीन मिनिटांवर वेळ घालवणारा माणूस नव्हे तो. "उपाय बोला."

"बूच उघडायचं. यानापासून लांबच्या कडेने, बोटभर."

"वायूचा झोत हाताला लागला तर?"

"हात जाईल. टिटवी राहील."

"आणि तुम्हाला दिसणार काही नाही, भाबलबाई. बावीस मिनिटं काही नाही. सगळ्या हालचाली एकदम पाठवाव्या लागतील."

"चाळीस वर्षं जे करतेय त्याला दिसायला कशाला लागतं," ती म्हणाली.

हौदात बेनीने स्वतः दगडासारखं बूच बसवून दिलं. सुनंदाने हातमोजा चढवला आणि डोळे मिटून घेतले. लांबची कड तिने बोटांनी चाचपली. यांत्रिक बोटाचं टोक फटीत रुतवलं, एक टिचकी, थांबली, दुसरी टिचकी. मग अर्धा इंच वर. मग हात बाजूला, पण यानाकडे नाही. झोत आलाच तर तो हातावर यावा, पायावर येऊ नये, म्हणून तिने हात आडवा धरला. नोंद रवाना झाली. बेनीने तिच्यासाठी चहा आणला आणि तो निवून साय धरेपर्यंत दोघांनी कपाकडे पाहिलंही नाही.

बावीस मिनिटांनी चित्र आलं. आधी बोट दिसलं, फटीत रुतलेलं. मग फटीतून एक पांढरी रेघ निघाली, सुतासारखी. ती वाढली. मग सगळं बूच उडालं आणि त्याच्यासोबत पलीकडची तीस मीटर जमीन वर आली, सावकाश, एकही आवाज न करता. तिच्याखालून एक पांढरा खांब उभा राहिला. उंच, आणखी उंच, कॅमेऱ्याला वरची कड सापडेना. त्यातून तारे दिसत होते. साडेचार अब्ज वर्षं अंधारात कोंडून पडलेलं काहीतरी पहिल्यांदा उन्हात येत होतं. खोलीतली माणसं उभी राहिली, का ते कुणालाच सांगता आलं नसतं. यांत्रिक हात मुळापासून उपटला गेला आणि गिरक्या घेत त्या उजेडात दिसेनासा झाला.

खड्डा टिटवीच्या पायापासून चार मीटरवर थांबला होता. कल तीन अंश होता, दोन झाला, एक झाला, आणि तिथे स्थिरावला.

बेनीने मेजावर डोकं टेकलं आणि तो चक्क रडला.

खरा धक्का दोन दिवसांनी बसला. धूमकेतूची कक्षा मोजणाऱ्या मंडळींनी आकडे पाठवले. गोळ्याची गिरकी एकोणीस सेकंदांनी मंदावली होती आणि त्याची वाट किंचित बदलली होती. किंचित, पण शंभर वर्षांत ती तफावत हजारो किलोमीटर होणार होती. बर्फाचा प्रत्येक झोत म्हणजे एक छोटं रॉकेट हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण कुठे झाकायचं आणि कुठे उघडायचं हे ठरवून असा पर्वत वळवता येईल, तेही ओंजळभर धुळीने, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. उद्या एखादा धूमकेतू पृथ्वीच्या रोखाने आलाच तर? सुनंदाला आनंदाआधी भीती वाटली. माणसाच्या हातात एवढं बळ यावं, आणि तेही नकळत!

रेगेसरांनी तिला खोलीत बोलावलं. "अहवालात 'नियोजित प्रयोग' असं लिहिता येईल. जगात नाव होईल तुमचं. चूक म्हटलं तर चौकशी लागेल. आणि हात तर गेलाच आहे, तुम्हाला काम काय देऊ हाही प्रश्नच."

"सर, उद्या दुसरं कुणी हे मुद्दाम करायला जाईल. त्याला कळायला हवं की आपण टिटवी जवळजवळ घालवली होती." ती दाराशी जाऊन वळली. "आणि बेनीच्या नांगराबद्दल जे बोललं गेलं तेही लिहा."

सरांनी लिहिलं. 'चालिकेने बर्फ सवयीने झाकला,' हे वाक्य अहवालात पहिल्या पानावर आहे, खाली तिची सही आहे. चौकशी झाली. सुनंदाला केंद्रातून जावं लागलं नाही, पण पुढच्या यानाच्या हातमोज्यावर दुसरं माणूस घ्यायचं ठरलं. तिने ते मुकाट्याने मान्य केलं, आणि घरी येऊन दार लावून तासभर रडली.

जानेवारीच्या शेवटच्या दिवशी सूर्य मावळल्यावर ती बंदरावर गेली. आबा बंद कारखान्याच्या ओट्यावर बसले होते. होड्या परतल्या होत्या, पण मासे उतरवायचे सोडून माणसं पश्चिमेकडे तोंड करून उभी होती. समुद्रावर, सूर्य बुडाला त्याच्या थोडं वर, धूमकेतू होता. खड्डा उघडल्यापासून तो तिप्पट तेजस्वी झाला होता. दोन शेपट्या वर गेल्या होत्या, अर्ध्या आभाळाला पुरतील एवढ्या, एक पिवळी, वाऱ्यावर झुकल्यासारखी, आणि एक निळी, ताठ.

सुनंदा आबांजवळ बसली. तिने त्यांना सगळं सांगितलं. चौकशीचं सांगितलं, हात गेल्याचं सांगितलं. शेवटी म्हणाली, "झाकूक नको होता मीया."

आबा वर बघत होते. "तां सगळा बर्फाचा?"

"बर्फाचा नि धुळीचा."

"मगे पाणी खंय जाता?"

"पाणी होवकच नाय, आबा. थेट उडता. खाली थेंब पडना नाय."

आबांनी डोक्यावरची टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. "चाळीस वर्सां बर्फ झाकलंय," ते म्हणाले. "उघडो पडलो की मेलो, असाच वाटा माका." त्यांनी शेपटीकडे बोट केलं. "उघडो पडलो तर तो असो दिसता, ह्या माका कोणी सांगूकच नाय गो."

"तू कधी इचारलंस नाय," सुनंदा म्हणाली.

आबांनी तिचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि नजर आभाळावरून न हलवता म्हणाले, "आता इचारतंय. सांग."